राजदूत ३५० आमच्याकडे आणण्याआधी: गाडी खोलू नका, जुना भाग टाकू नका

उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात राजदूत ३५० घेऊन येणाऱ्यांना ही मोटरसायकल काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर. यामाहाच्या आरडी ३५०बी वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती आपल्याकडे बनवली. दूधवाल्यांच्या राजदूत १७५ शी तिचं नातं फक्त नावापुरतं. तुमची गाडी वडिलांची असेल, मामांची असेल, नाहीतर चार गावं फिरून शोधलेली असेल. आता ती शोरूममधून निघाली तेव्हा होती तशी तुम्हाला हवी आहे. आम्ही तेच काम करतो. पण एक चूक इतक्या वेळा होते, की शेवटी हे पत्रक छापलं.

गाडी खोलून आणू नका. चालू असो, बंद असो, गोठ्यात दहा वर्षं पडून असो, आहे तशी टेम्पोत घालून आणा.

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याकडची एक गाडी आली ती तीन पोत्यांत. मालकांनी घरीच, मोठ्या हौसेनं, सगळी खोलली होती. फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं होतं. "गंजलेलं काही ठेवलं नाही," असं त्यांनी समाधानानं सांगितलं. त्या न ठेवलेल्यात दोन्ही मूळ सायलेन्सर होते, इंजिनाला आपोआप ऑइल देणारा ऑटोल्यूबचा पंप होता, केबली धरणाऱ्या क्लिपा होत्या आणि जवळपास सगळे नट-बोल्ट होते. कुठला बोल्ट कुठला, हे लावायलाच आमचे तीन आठवडे गेले. फ्रेम पुन्हा घासून काढावी लागली. पावडरचा थर जाड असतो. तो आट्यांत भरतो, स्टिअरिंगच्या बेअरिंगची वाटी नीट बसू देत नाही, आणि वायरिंगला अर्थिंग मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे चासी नंबर त्याखाली गेला होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि तिथे नंबर डोळ्यांना दिसावा लागतो. "व्हिंटेजमध्ये नोंदवू की," असं बरेच जण म्हणतात. ती सोय ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे. अगदी पहिल्या राजदूत ३५० लासुद्धा त्यासाठी २०३३ साल उजाडावं लागेल.

गंजलेला बोल्ट तुम्हाला भंगार वाटतो, आम्हाला तो नमुना असतो. त्याची लांबी, डोक्यावरची खूण, वरचा झिंकचा मुलामा पांढरा होता की पिवळा, हे त्याच्यावरूनच कळतं. रंगाचंही तसंच. टाकी उन्हानं फिकी पडते, पण सीटखाली आणि पॅनेलच्या आतल्या अंगाला मूळ रंग बऱ्याचदा शाबूत असतो. आम्ही शेड तिथून जुळवतो. ते पॅनेल आधीच कुणी घासून प्रायमर मारून दिलं, की पुढे नुसता अंदाज उरतो.

इंजिन खोलून आणलं तर काम आणखी वाढतं. दोन्ही ब्लॉक वरवर सारखे दिसतात, पण प्रत्येक पिस्टन आपापल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, झिजलेला असतो. डावा-उजवा एकदा मिसळला की इंजिन आतून कसं चाललं होतं याचा पुरावा गेला. आम्ही आधी तोच वाचतो. डावीकडचं, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं असेल तर इंजिन हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन सीज होतो, म्हणजे आतच अडकून बसतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर काढतं. कार्बोरेटरपुढचं रबर तडकलं तरी पुन्हा तीच पातळ मिश्रणाची बोंब. हे दोष गाडी अखंड असताना तासाभरात सापडतात. पोत्यातून ते शोधता येत नाहीत. मग खात्री म्हणून सगळंच बदलावं लागतं, आणि तो खर्च तुमच्याच खिशातून जातो.

एक छोटी विनंती केसिंगच्या स्क्रूंबद्दल. त्यांची फुली जपानी मापाची असते. ती आपल्या नेहमीच्या डिसमिसला नीट बसत नाही, घसरते आणि डोकं खराब करते. मग मिस्त्री छिन्नी लावतो आणि शेवटी अ‍ॅलन बोल्ट घालतो. अ‍ॅलन बोल्ट मजबूत असतात, यात वाद नाही. पण मूळ गाडीवर ते नव्हते, आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. आमच्याकडे त्या मापाचे डिसमिस आहेत आणि जुन्या इंजिनांतून जमवलेले मूळ स्क्रू आहेत. घरी प्रयत्न करू नका.

ऑटोल्यूबवरून आमच्याशी वाद घालणारे पुष्कळ. बहुतेक मिस्त्री तो पंप काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सांगतात. आम्ही पंप परत बसवतो. थ्रॉटल जितका उघडतो त्या हिशेबानं तो ऑइल देतो. मिसळलेल्या पेट्रोलला हे जमत नाही. पंप दगा देतो तो बहुधा दोनच कारणांनी: केबल सैल पडून खूण जुळत नाही, किंवा ऑइलची टाकी एकदा रिकामी झाल्यावर नळीतली हवा कुणी काढलेली नसते. दोन्ही गोष्टी गाडी देताना आम्ही तुमच्या हातून करून घेतो. तरीही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणंच हवं असेल तर तसं करून देऊ, पण पंप गाडीवरून काढणार नाही.

एचटी आणि एलटीचा प्रश्न रोज येतो. आधीची हाय टॉर्क ३०.५ अश्वशक्तीची, नंतरची लो टॉर्क २७ ची. एलटीवर एचटीचे स्टिकर लावून द्या, अशी मागणी आम्ही घेत नाही. एलटी मूळ रूपात उत्तम चालते, आणि उद्या ती विकत घेणाऱ्याला खरं कळायला हवं.

पुढे डिस्क ब्रेक बसवून द्या, हीही मागणी असते. यामाहाच्या गाडीला पुढे डिस्क होता, आपल्या राजदूतला ड्रमच आला. ब्रेकची भीती आम्हाला समजते. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर फारसं धरत नाही. पण आमच्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दोन शूंना जोडणारा दांडा चुकीचा लावलेला असतो. त्यामुळे एकच शू काम करतो. शिवाय नवे स्पोक ओढले की ड्रम किंचित लंबगोल होतो. म्हणून आम्ही आधी चाक विणतो आणि मग लेथवर ड्रम साफ करतो. हे दोन्ही केलेल्या गाडीवर एक चक्कर मारा आणि मग डिस्कचं ठरवा.

फोनवर खर्च विचारू नका. गाडी पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा तुमच्याही कामाचा नाही आणि आमच्याही. गाडी आली की आम्ही तिचे सगळीकडून फोटो काढतो, तुमच्यासमोर एकेक भाग तपासतो, आणि काय टिकेल, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल याची यादी आठवड्यात देतो. त्या तपासणीचे पैसे घेतो. पुढचं काम दिलंत तर ते बिलातून वजा होतात. पूर्ण कामाला पाच-सहा महिने लागतात. महिनाभरात चकाचक करून देणारे आहेत, पण तिथे बोअर आणि बफिंग एकाच दिवशी होतं, आणि आतलं क्रँक कुणी उघडून पाहत नाही.

येताना गाडीबरोबर आरसी आणा, जुनी बिलं असतील तर ती, आणि घरच्या अल्बममध्ये गाडीचा फोटो असेल तर तो नक्की. लग्नातल्या फोटोत मागे उभी असलेली गाडीसुद्धा चालते. स्टिकर कुठे होते, आरसे कोणते होते, हे त्यातून कळतं. माळ्यावर, गोठ्यात, जुन्या मिस्त्रीच्या कोपऱ्यात काही पडलं असेल तर तेही एका पिशवीत घाला, मोडकं असलं तरी. बदललेला प्रत्येक जुना भाग आम्ही चिठ्ठी लावून खोक्यात भरतो, आणि गाडीबरोबर ते खोकंही तुमच्या हवाली करतो.