‘अमिग्डलॉइडल’ : एका खडकवाचक विशेषणाची फोड

साक्री-नंदुरबारकडे विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर थर लागला, की जाणती माणसे त्याला मांजऱ्या म्हणतात. भूशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत अशा बेसाल्टला ‘अमिग्डलॉइडल’ हे विशेषण लावतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट यांसारखी खनिजे साचली आणि खडकात बदाम रोवल्यासारखे दिसू लागले. हा बदामच शब्दाच्या मुळाशी आहे.

ग्रीक भाषेत ‘अमिग्डाले’ म्हणजे बदाम आणि ‘एइदोस’ म्हणजे रूप. या दुसऱ्या शब्दाचे मूळ आपल्या ‘विद्’ धातूशी सख्खे नाते सांगते. दोन्ही पदे ‘ओ’ या जोडस्वराने सांधली गेली. इंग्रजीत हा ‘ओ’ पुढच्या स्वरात मिसळून ‘ऑइ’ झाला आणि दोन अक्षरांचे एक झाले. ‘अमिग्डलॉइड’ हे रूप अर्थाने विशेषणच होते, परंतु भूशास्त्रज्ञ ते खडकाचे नाव म्हणूनही वापरू लागले, त्यामुळे विशेषणासाठी लॅटिन वळणाचा ‘अल’ प्रत्यय पुन्हा जोडावा लागला.

अर्थाने फोड केली तर ‘अमिग्डल’, ‘ऑइड’ आणि ‘अल’ असे तीन घटक मिळतात. उच्चाराने मात्र अ-मिग्-ड-लॉइ-डल अशी पाच अक्षरे होतात व मुख्य आघात चौथ्यावर पडतो. पहिल्या घटकाचा शेवटचा ‘ल्’ आणि दुसऱ्याचा ‘ड्’ पुढच्या स्वराकडे सरकतात. आपल्या ‘बदामाकार’ शब्दातही ‘बदाम’ आणि ‘आकार’ यांची सीमा ‘मा’ या अक्षराच्या पोटात जाते, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. ‘ग्ड’ हे जोडाक्षर पाहून ‘मि-ग्ड’ असे तोडण्याचा मोह होतो, पण जोडाक्षरामागील ऱ्हस्व अक्षर गुरू मानणारे आपले छंदशास्त्र हेच सांगते, की त्यातील पहिले व्यंजन उच्चारात मागच्या अक्षराला मिळते.

छपाईची रीत आणखी वेगळी आहे. ओळीच्या शेवटी एकटा ‘अ’ सोडायचा नाही, या संकेतामुळे छापील शब्द अमिग्-ड-लॉइ-डल असा चारच तुकड्यांत तोडता येतो.