धंद्याच्या गाडीचा विमा: अर्ज करताना काय लिहायचं, कोणती कागदपत्रं लागतात

तीन वर्षांपूर्वी इंदूरमध्ये पालद्याजवळ आमच्या केटरिंगचा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) उभ्या ट्रकवर मागून आदळला. ड्रायव्हरला खरचटलंही नाही. पुढची काच, बंपर, दोन्ही हेडलाइट, डावा मडगार्ड आणि रंग, एवढं नुकसान झालं. पॉलिसी चालू होती, आणि ती काढताना एजंट म्हणाला होता, "सब कवर है, भाभी." नुकसान तपासणारा सर्व्हेअर गॅरेजात आला आणि एस्टिमेटवर पेनानं एकेक ओळ खोडत गेला. बंपर खोडला, हेडलाइट खोडले, मडगार्ड खोडला, रंग खोडला. हातात पैसे आले ते काचेचे आणि थोड्या मजुरीचे.

सर्व्हेअरची चूक नव्हती. आपण ज्याला सर्रास 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, तो शब्द पॉलिसीच्या कागदावर कुठेच नसतो. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम मुळातच वगळलेलं असतं; गाडी पूर्ण निकामी झाली तरच त्यांचा विचार होतो. हे भाग हवे असतील तर 'आयएमटी २३' नावाचं कलम जास्तीचा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. आमच्या पॉलिसीत ते नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. म्हणून लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगरकडची आपली मंडळी पापड-मसाल्याचा, डब्यांचा किंवा मंडपाचा धंदा वाढवून पहिली लोडिंग गाडी घेतात, तेव्हा मी त्यांना आधी कागद समोर घेऊन बसायला सांगते.

विमा कोणाला घ्यावाच लागतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा हवाच. विम्याविना गाडी पकडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. आपल्या गाडीनं दुसऱ्या कोणाचा जीव गेला किंवा कोणी जखमी झालं, तर कोर्ट ठरवील ती भरपाई विमा कंपनी देते आणि तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र व्यावसायिक गाडीसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान थर्ड पार्टीत येत नाही, त्यासाठी 'ओन डॅमेज'सह पॅकेज पॉलिसी लागते.

अर्ज आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव आहे त्यानंच करायचा, मग ती व्यक्ती असो, भागीदारी फर्म असो की कंपनी. दुकान वडिलांच्या नावावर, गाडी मुलाच्या आणि पॉलिसी फर्मच्या, असं आपल्याकडे फार होतं. क्लेमच्या वेळी पहिली अडचण तिथेच उभी राहते. जुनी गाडी घेतली असेल तर आरसी नावावर करून थांबू नका. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवावं लागतं.

फॉर्ममधली सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे गाडीचा वापर. मालवाहू गाडीत दोन वर्ग असतात: फक्त स्वतःच्या धंद्याचा माल नेणारी प्रायव्हेट कॅरिअर आणि भाड्यानं दुसऱ्याचा माल नेणारी पब्लिक कॅरिअर. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. जून २०२२ पासूनच्या दरांत साडेसात टनांपर्यंतच्या पब्लिक कॅरिअरला १६,०४९ रुपये होते, वर जीएसटी. प्रायव्हेट कॅरिअरचा दर बराच कमी असतो, म्हणून मोह होतो. पण आठवड्यातून एकदा जरी सियागंजहून कोणाचा माल भाड्यानं उचलत असाल, तर खरं तेच लिहा. घरच्या पांढऱ्या नंबर प्लेटच्या व्हॅनमधून रोज ऑर्डरी पोचवणाऱ्यांनाही हेच सांगते. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. हप्त्यात वाचलेले पैसे एका अपघातात कितीतरी पटीनं जातात.

कागदपत्रं फार लागत नाहीत: आरसी, मागच्या वर्षीची पॉलिसी, पॅन, पत्त्याचा पुरावा (१ जानेवारी २०२३ पासून केवायसीशिवाय पॉलिसी निघत नाही), फर्म असेल तर जीएसटी नोंदणी, आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव. हे नाव पॉलिसीवर येतं आणि गाडी पूर्ण गेली तर पैसे आधी बँकेला मिळतात. जीएसटी क्रमांक दिलात आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेत असाल, तर दुरुस्तीच्या बिलातला जीएसटी क्लेममधून वजा होतो. त्यावर नंतर भांडत बसू नका, तो तुम्हाला दुसरीकडून मिळतो. जुनी पॉलिसी एक दिवसानं जरी संपलेली असली तरी कंपनी आधी गाडीची तपासणी मागते, आणि ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या किमतीतून घसारा वजा करून ती निघते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि वाढत पाच वर्षांपर्यंत ५०. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी आयडीव्ही खाली ओढत असेल तर नको म्हणा.

गाडीवर पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीचं कलम जोडून घ्या. त्याला माणशी अगदी थोडा हप्ता पडतो. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो. तो गाडी वैयक्तिक नावावर असेल आणि मालकाकडे लायसन्स असेल तरच मिळतो, फर्मच्या नावावरच्या गाडीला नाही. हमालांबद्दल स्पष्ट विचारून घ्या. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. रस्त्यात सवारी म्हणून बसवलेल्या माणसाला ते मिळत नाही. ड्रायव्हरला ही गोष्ट मी स्वतः बजावून सांगते, कारण देवास नाक्यावर हात दाखवणाऱ्याला नाही म्हणणं त्याला जड जातं.

गाडीतल्या मालाचा विमा या पॉलिसीत नसतो. पाच क्विंटल साखर भिजली, श्रीखंडाचे डबे उलटले, तर त्यासाठी ट्रान्झिट विमा निराळा घ्यावा लागतो.

अपघात झाला की गाडी हलवण्याआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. चोरी झाली किंवा कोणाला इजा झाली तर पोलिसांत रिपोर्ट लागतोच. क्लेमला आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला), परमिट, टॅक्सची पावती आणि त्या दिवशीच्या मालाची बिल्टी किंवा चलन लागतं. यातलं सगळं अपघाताच्या तारखेला चालू असायला हवं. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षं चालतं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा ती तारीख पॉलिसीच्या पाकिटावरच लिहून ठेवा. परमिट तीन टनांपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला लागत नाही, म्हणून छोटा हत्तीवाल्यांनी ते कोणी मागितलं तर घाबरू नये. लायसन्सचा गोंधळही आता मिटला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ठरवलं की, एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स असलेला ड्रायव्हर साडेसात टनांपर्यंतची व्यावसायिक गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एकमालकी धंदा आणि सूक्ष्म उद्योग भोपाळच्या विमा लोकपालाकडे जाऊ शकतात. त्याची फी नाही आणि वकीलही लागत नाही. अर्ज कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात करायचा असतो. सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा अहवाल आणि गॅरेजचं मूळ एस्टिमेट जोडा.