अर्कासाठी ओला पाला आणताय? आधी हे वाचा

मृग लागला की कुळागरात अडुळसा फोफावतो, अमृतवेल, म्हणजे गुळवेल, माडावर चढते आणि आमच्या दारात प्लास्टिकच्या पिशव्यांची रांग लागते. पिशवी सोडली की आत पाला घामेजलेला, तळचा थर काळा, वास गवत कुजल्यासारखा. आम्ही औषधी अर्क बनवतो, त्यासाठी असा माल चालत नाही. तो आम्ही परत पाठवतो आणि माणसं रागावतात. म्हणून हे पत्रक.

काढा घरोघरी होतो: एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा. तो त्याच दिवशी संपवायचा. आसव-अरिष्टात गूळ आणि धायटीची फुलं घालून मद्यार्क आतच तयार होऊ देतात. आमचा अर्क या दोन्हींहून वेगळा. इथे वनस्पतीचे गुण पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात उतरवतात. वाळलेल्या औषधाची जाडसर भरड करायची, मिश्रणाने ओलवून काही तास फुगू द्यायची, मग उभ्या नळकांड्यात थराथराने दाबून भरायची. वरून मिश्रण सोडलं की खाली थेंब थेंब गळतं. भरड फार बारीक झाली तर थेंब अडतो, फार जाड राहिली तर मिश्रण काही न घेताच निसटतं. शेवटी चोथा दाबून पिळायचा, रस थंड जागी ठेवून गाळ बसू द्यायचा आणि गाळायचा. एक किलो वाळल्या औषधाचा साधारण पाच लिटर अर्क, हे आमचं नेहमीचं प्रमाण.

ओला पाला आला की हा हिशेब बिघडतो, कारण त्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं. उदाहरण घरचंच घ्या. फेणीत मद्यार्क साधारण 42 टक्के. एक लिटर फेणीत किलोभर ओला अडुळसा घातला तर पाल्यातलं पाणी मिसळून ताकद 24 टक्क्यांवर येते. पाला नळाखाली धुऊन तसाच घातला आणि पावशेर पाणी सोबत गेलं की 21. बरणी ठासून भरायची सवय असेल तर 20 च्या खाली, आणि तिथून पुढे टिकण्याचा भरवसा नाही. हुर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या सौम्य दारूत, भिजवणाऱ्यांचं तर विचारूच नका. 15 टक्क्यांचा हुर्राक असा नऊच्या आत येतो, आठवड्याभरात वर पांढरी साय धरते आणि ती बरणी घेऊन लोक आमच्याकडे 'जरा बघा' म्हणून येतात. त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. ओतून द्या.

'पण शास्त्रात गुळवेल ओलीच घ्यायला सांगितली आहे ना?' असं वैद्यमंडळी विचारतात. बरोबर आहे. गुळवेल, अडुळसा, कुडा, शतावरी अशी काही औषधं ओलीच वापरावीत आणि ओली म्हणून दुप्पट घेऊ नयेत, असं शार्ङ्गधरसंहितेत आहे. आम्हीही ती ओली घेतो आणि त्यांच्यासाठी जास्त कडक मद्यार्क वापरतो. पण तो हिशेब झाडाच्या अंगच्या पाण्याचा असतो, पावसाच्या नव्हे. ओलं म्हणजे ताजं, भिजलेलं नव्हे.

तेव्हा पाऊस उघडल्यावर कापा. घरी धुऊ नका, ते काम आमचं. झटका, सावलीत किंवा पंख्याखाली पसरा, पानावरचा थेंब गेला की कापडी पिशवीत किंवा तागाच्या गोणीत सैल भरा आणि त्याच दिवशी आणा. गुळवेलीचे वीतभर तुकडे चालतील, चिरून आणू नका. खोडावर पुळ्यांसारखे दाट उंचवटे असतील तर ती तिच्या जातकुळीतली दुसरी वेल असण्याची शक्यता असते, आणि चिरलेल्या वेलीत ते ओळखता येत नाही. दोन वनस्पती एका पिशवीत कोंबल्या असतील तर आम्ही निवडत बसत नाही.

'आमच्या भट्टीची फेणी देतो, तीच वापरा' हा आग्रहही दरवर्षी होतो. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान आहेच. पण भट्टीगणिक तिची ताकद बदलते, वास औषधावर चढतो, आणि आम्हाला मद्यार्काच्या प्रत्येक लिटरचा हिशेब अबकारी खात्याला द्यावा लागतो. बाहेरची बाटली इथे उघडता येत नाही.

ज्यांना एवढी यातायात नको, त्यांच्यासाठी आमच्याकडे सावलीत वाळवलेला माल असतो. काडी मोडली तर कट्कन तुटते, वाकत नाही. चार किलो ओल्या पाल्याचा वाळून जेमतेम किलोभर होतो, तेव्हा भाव पाहून दचकण्याआधी हेही मोजा. फरक फारसा पडत नाही, उलट गाडीभाडं वाचतं.

तळाशी बसलेल्या गाळासाठी बाटली परत आणू नका. हलवून घ्या. बुरशी, फेस किंवा आंबूस वास असेल तर मात्र जरूर आणा, बदलून देऊ. मात्रा किती, ते वैद्यांना विचारा. गरोदर बाया, लहान मुलं, काविळीचे रोगी यांनी आणि ज्यांना मद्यार्क चालत नाही त्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

ओला माल दुपारी बारापर्यंतच घेतो. त्यानंतर आलेला रात्रभर पडून राहतो, आणि सकाळी त्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. चवथीच्या आठवड्यात ओल्याचं काम बंद असतं, बाटल्या आणि वाळका माल मिळेल.