एक जनुक गमावलेलं यीस्ट

पेट्री डिशमध्ये यीस्टच्या वसाहती वाढलेल्या असतात, पांढरट आणि बारीक. त्यांच्यावर अल्फा-नॅफ्थाइल फॉस्फेट आणि फास्ट ब्लू हे रंगद्रव्य घातलं, की थोड्याच वेळात काही वसाहती गडद लाल होतात, काही तशाच राहतात. लाल होतात त्यांनी आम्ल फॉस्फेटेज हे विकर पेशीपटलाबाहेर सोडलेलं असतं. ते रसायनातला फॉस्फेट तोडतं, उरलेलं नॅफ्थॉल रंगद्रव्याशी जुळतं आणि लाली चढते. ओसाकात यासुजी ओशिमा, अकिओ तोह-ए आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात याच लालीवरून उत्परिवर्तित यीस्ट हुडकली, आणि फॉस्फेटची टंचाई पेशीला कशी कळते याचा उलगडा सुरू झाला.

पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये या विकराचं नाव पीएचओ-५. फॉस्फेट मुबलक असेल तर त्याचं जनुक गप्प असतं, कारण ते चालू करणाऱ्या पीएचओ-४ प्रथिनावर फॉस्फेटचेच गट चिकटवून त्याला केंद्रकाबाहेर काढलेलं असतं. टंचाई आली की हे चिकटवणं थांबतं. पीएचओ-४ केंद्रकात साचतं, जनुकाच्या सुरुवातीला डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ते न्यूक्लिओसोम बाजूला होतात आणि विकर तयार होऊ लागतं. मला या यंत्रणेचं सर्वांत अप्रूप वाटतं ते हे, की फॉस्फेट आहे की नाही याची खबर फॉस्फेटच्याच खुणेने पोहोचते.

पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधून मिळालेल्या शायझोसॅकरोमायसिस पोंबे या दुसऱ्या यीस्टकडेही असं विकर आहे, पण त्याचा ताबा वेगळ्या हाती. तिथे फॉस्फेट भरपूर असताना शेजारून एक लांबलचक आरएनए लिहिला जातो आणि त्या लिहिण्यानेच जनुक दबून राहतं.

खरी गोष्ट आहे ती माणसाच्या शरीरात राहणाऱ्या, कधी आजारही घडवणाऱ्या कॅंडिडा ग्लॅब्राटा या यीस्टची. नावात कॅंडिडा असलं तरी नात्याने ते पावाच्या यीस्टच्या बरंच जवळचं. त्याने पीएचओ-५सारखं जनुक पार गमावलंय. तरीही उपाशी ठेवलं की ते फॉस्फेटेज बनवतंच! २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते काम पीएमयू-२ करतं असं दिसलं. हे जनुक वेगळ्याच घराण्यातलं. त्याच्या प्रती वाढल्या आणि त्यातल्या एकीने हे नवं काम अंगावर घेतलं.

मात्र बदली कामगाराला जुनं सगळं काम जमत नाही. बियांमध्ये आणि धान्यात फॉस्फेटचा मोठा साठा असतो तो फायटिक आम्लात, एका कड्यावर सहा फॉस्फेट. आपल्या ज्वारी-बाजरीतलं लोह आणि जस्त धरून ठेवणारं तेच हे आम्ल. पीएचओ-५ ते फोडतं, पीएमयू-२ला ते फोडता येत नाही. फळा-बियांवर वाढणाऱ्या यीस्टला ही ताकद लागतेच. सस्तन प्राण्यांच्या ऊतींमध्ये फायटिक आम्ल फारसं नसतं, त्यामुळे तिथे तिच्यावाचून अडत नाही. पण फॉस्फेटसाठी फक्त फायटिक आम्लच उरलं, तर ग्लॅब्राटाची वाढ खुंटते.