सेंटरिंग रिंग कापण्याची अवजारे

छंदाच्या रॉकेटमध्ये अंगाची नळी आणि तिच्या आतली मोटरची (म्हणजे ज्वलनद्रव्य भरलेल्या नळकांड्याची) नळी यांच्यामध्ये जी सपाट कडी चिकटवतात, तिला सेंटरिंग रिंग म्हणतात. ती मोटरला मधोमध धरते आणि तिचा रेटा अंगाच्या नळीपर्यंत पोचवते. मराठवाड्यात हा शब्द जपून वापरावा. हार्डवेअरच्या दुकानात ‘सेंटरिंग’ म्हटले की मालकापुढे स्लॅबच्या प्लेटा आणि बल्ल्या उभ्या राहतात. ‘प्लायची चकती, मधे भोक’ असे सांगितलेले बरे.

मोटरींचे व्यास ठरलेले असतात : १८, २४, २९, ३८, ५४, ७५ आणि ९८ मिमी. लहान रॉकेटला पुठ्ठ्याची रिंग पुरते, ती कंपासला पाते लावूनही निघते. अंगाची नळी १०० मिमीच्या पुढे गेली की निदान ६ मिमी प्लाय लागतो. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय त्यासाठी चांगला. मात्र शिक्का सहाचा असला तरी व्हर्नियर लावून पाहावे, माल बहुधा किंचित बारीक भरतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सफाईने कापला जातो, पण पावसाळ्यात फुगतो आणि कडेला जोर आला की त्याचे पापुद्रे सुटतात. बोअरच्या केसिंग पाइपचे तुकडे गावोगाव पडलेले असतात, तेव्हा तेच अंगाच्या नळीला वापरावेत असा मोह होतो. तसे करू नये. पीव्हीसी जड असते आणि फुटले तर त्याच्या धारदार चिपा उडतात.

रिंगमध्ये दोन वर्तुळे असतात, पण केंद्र एकच. सगळी अवजारे या एकाच कसोटीवर लावायची : ती हे केंद्र शेवटपर्यंत सांभाळतात का? नवशिका आधी आतले भोक पाडतो आणि मग बाहेरच्या वर्तुळासाठी कंपासचे टोक कुठे टेकवावे, हे शोधत बसतो. म्हणून बाहेरचे आधी, आतले शेवटी. बैलगाडीचे चाक करणाऱ्या सुताराला हे सांगावे लागत नाही. तुंबा मधोमध नसला तर वर कितीही चांगली धाव चढवली तरी चाक हेलकावेच खाणार.

होल सॉ म्हणजे ड्रिलला लावायची पेल्यासारखी गोल करवत. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत तो सहज दिसतो. पण त्याची मापे ठरीव असतात, आणि हव्या त्या नळीशी ती क्वचितच जुळतात. आतल्या भोकासाठी जमला तर ठीक.

फ्लाय कटर म्हणजे आडव्या दांड्यावर बसवलेले एकच पाते. दांडा सरकवून हवे ते माप धरता येते, हा त्याचा मोठा गुण. मात्र तो हातातल्या ड्रिलला लावायचा नाही, बेंच ड्रिललाच लावायचा, आणि पट्टा मोटरकडच्या सर्वांत लहान व स्पिंडलकडच्या सर्वांत मोठ्या पुलीवर घालून मशीन अगदी मंद चालवायचे. पात्याची एक बाजू उभी, दुसरी तिरपी असते. जो तुकडा ठेवायचा त्याच्याकडे उभी बाजू. अर्धी जाडी कापली की प्लाय उलटायचा आणि मधल्या पायलट भोकाच्या आधाराने उरलेली अर्धी कापायची, म्हणजे कड फाटत नाही. मग सुटी झालेली चकती सी-क्लॅम्पने पुन्हा बांधून आतले भोक. सुरू करण्याआधी स्पिंडल हाताने एक फेरी फिरवावा : दांड्याचे मागचे टोक क्लॅम्पला धडकले तर काय होते, ते बघायला जवळ उभे राहू नये. हातमोजे घालायचे नाहीत, ते दांड्यात अडकतात.

१५० मिमीच्या पुढे राउटरला, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राला, तोड नाही. भंगारातली हायलमची (कडक प्लास्टिकसारख्या पत्र्याची) पट्टी राउटरच्या बुडाला स्क्रूने बसवावी आणि तिच्यात खिळ्यापुरते भोक पाडावे. खिळा प्लायच्या केंद्रात ठोकला की राउटर त्याच्याभोवती फिरतो. हिशेब मात्र बिटाची जाडी धरून करावा. ६ मिमी बिट, बाहेरचा व्यास १५० मिमी : खिळा ते बिटाचे केंद्र ७५ अधिक ३, म्हणजे ७८ मिमी. आतले भोक ५७ मिमी : २८.५ उणे ३, म्हणजे २५.५ मिमी. हे दुसरे अंतर राउटरच्या बुडाखालीच येते, म्हणून खिळ्याची पट्टी बुडाच्या खालून असायला हवी. प्लाय दुहेरी टेपने खालच्या टाकाऊ फळीला चिकटवावा, नाहीतर शेवटच्या फेरीत चकती सुटते आणि बिट तिच्यात खोबण पाडते. एका फेरीत २-३ मिमीपेक्षा खोल जाऊ नये.

जिगसॉने रेघेच्या बाहेर २ मिमी राखून कापावे आणि उरलेले डिस्क सँडरवर, खिळ्याभोवती चकती फिरवत घासावे. वेळखाऊ आहे, पण खर्च कमी.

लेझर आणि सीएनसीची दुकाने आता जिल्ह्याच्या गावी झाली आहेत. तिथे देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि घरांच्या पाट्या कापतात. संगणकावर काढलेल्या आकृतीची डीएक्सएफ फाइल दिली की दोन्ही वर्तुळे एकाच केंद्रावरून येतात. पण मरीन प्लायचे फिनॉलिक सरस लेझरला जुमानत नाही, कड कोळसा होते. ती काळी कड घासल्याशिवाय इपॉक्सी धरत नाही. ग्लास फायबरची रिंग लेझरवर नेऊच नये; ती राउटरने, तोंडाला मास्क लावून कापावी.

एवढे करूनही थोडी चूक राहतेच. समजा, दोन रिंगांमध्ये २०० मिमी अंतर आहे आणि दोघींची भोके २-२ मिमी विरुद्ध बाजूंना सरकली आहेत. मग मोटर ४ मिमीने कलते, म्हणजे अंशाहून थोडी जास्तच. त्यावर उपाय सोपा : दोन्ही चकत्या एकावर एक बांधून एकदमच कापाव्यात आणि सोडवण्याआधी त्यांच्या कडेवर पेन्सिलची एक उभी रेघ ओढावी. चिकटवताना रेघेला रेघ जुळवली की दोघींची चूक एकाच बाजूला राहते आणि मोटर तिरपी होत नाही.

रिंग कापायला परवाना लागत नाही. मोटरचे तसे नाही : तिच्यातले ज्वलनद्रव्य १८८४च्या स्फोटक कायद्याखाली येते, आणि त्याचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.