‘जॉन लुईस: गुड ट्रबल’मागचा इतिहास

अमेरिकेतले नागरी हक्क चळवळीचे नेते आणि खासदार जॉन लुईस यांच्यावरचा, डॉन पोर्टर यांचा ‘जॉन लुईस: गुड ट्रबल’ हा माहितीपट जुलै २०२० मध्ये आला आणि त्याच महिन्यात, १७ तारखेला, लुईस गेले. त्यामुळे अनेकांनी तो श्रद्धांजली म्हणूनच पाहिला असणार. माझ्या मते तो त्याहून मोठा आहे. त्याचा कणा मतदानाचा हक्क हा आहे.

लुईस १९४० साली अलाबामात, वाट्याने शेती कसणाऱ्या घरात जन्मले. नॅशव्हिलला शिकताना ते जेम्स लॉसन यांच्या अहिंसक प्रतिकाराच्या शिबिरांना जाऊ लागले. हे लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधींचा सत्याग्रह अभ्यासून परतले होते. शिबिरात विद्यार्थी एकमेकांना शिव्या घालत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, आणि समोरच्याने हात उचलायचा नाही, असा सराव चाले. १९६० मध्ये हीच मुलं गोऱ्यांसाठी राखीव लंच काउंटरवर जाऊन बसली.

पुढचा टप्पा अलाबामातलं सेल्मा हे गाव. तिथे मतदार नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडायचं आणि नोंदणी झालेले कृष्णवर्णीय शंभरात दोन-तीन. फेब्रुवारी १९६५ मध्ये जवळच्या मॅरियनला पोलिसाच्या गोळीने जिमी ली जॅक्सन हा तरुण गेला आणि राज्याची राजधानी माँटगोमेरीपर्यंत मोर्चा न्यायचं ठरलं. ७ मार्चला सुमारे ६०० माणसं एडमंड पेटस पुलावरून निघाली. पुढे लुईस आणि होझिया विल्यम्स. पोलिसांच्या दंडुक्याने लुईस यांची कवटी फुटली. त्या रात्री एबीसी वाहिनीने न्यूरेंबर्ग खटल्यावरचा चित्रपट मध्येच थांबवून ही दृश्यं दाखवली. नाझींचा न्यायनिवाडा पाहायला बसलेल्या प्रेक्षकांना आपल्याच देशातले घोडेस्वार पोलीस आणि अश्रुधूर दिसला. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

पोर्टर यांनी लुईस यांना मोठ्या पडद्यांसमोर बसवून त्या काळची चित्रफीत दाखवली. त्यातली काही दृश्यं त्यांनीही कधी पाहिली नव्हती. तेव्हाचा त्यांचा चेहरा नीट पाहावा.

माहितीपट १९६५ वरून थेट २०१८ च्या निवडणुकांवर का उडी मारतो, हे मात्र २०१३ चा निकाल माहीत असल्याशिवाय कळत नाही. १९६५ च्या त्या कायद्यामुळे वर्णभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी लागे. ती कोणाला लागेल हे ठरवणारं सूत्रच सर्वोच्च न्यायालयाने ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात रद्द केलं. त्याच दिवशी टेक्सासने मतदार ओळखपत्राचा कडक कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. ही मंजुरी पुन्हा आणू पाहणारं, लुईस यांच्याच नावाचं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं.