मालकाचा चांगुलपणा मन कसं मोजतं?

जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला काही विद्यार्थी तीन तासांसाठी कामावर घेतले होते. मोबदला 36 युरो. काम सुरू होण्याआधी एका गटाला सांगितलं, ‘तुम्हाला 7 युरो जास्त देतोय.’ दुसऱ्या गटाला तेवढ्याच किमतीचा थर्मास दिला, भेटवस्तूसारखा कागदात गुंडाळून. तिसऱ्याला ठरलेले पैसे, बाकी काही नाही. पैसे वाढवून मिळालेल्यांच्या कामात सांगण्यासारखा फरक पडला नाही. थर्मासवाल्यांनी मात्र सुमारे 25 टक्के जास्त काम उरकलं.

कूबे, मारेशाल आणि पुप्पे या अर्थतज्ज्ञांचा हा प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. थर्मासच लोकांना जास्त हवाहवासा वाटला असेल, ही शंका त्यांनाही आली. म्हणून त्यांनी एका गटाला निवड दिली: थर्मास घ्या किंवा पैसे घ्या. बहुतेकांनी पैसे घेतले, आणि तरीही काम वाढलं! मग त्यांनी आणखी एक गंमत केली. 5 युरोच्या नोटेला घड्या घालून तिचा छोटासा शर्ट बनवला, 2 युरोच्या नाण्यावर हसरा चेहरा काढला आणि हे 7 युरो हातात ठेवले. आधी ज्यांचा काही उपयोग झाला नव्हता तेच 7 युरो, पण या वेळी काम थर्माससारखंच वाढलं. कोणीतरी आपल्यासाठी बसून नोटेला घड्या घातल्या, हे समोरच्याला दिसत होतं.

उपकाराचा हिशेब मन रुपये-पैशांत करत नाही, हे मानसशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. अब्राहम टेसर आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं की कृतज्ञता तीन गोष्टींवर वाढते-घटते: देणाऱ्याचा हेतू काय होता, त्याने किती पदरमोड केली आणि घेणाऱ्याच्या ते किती उपयोगी पडलं.

या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून आल्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 11 डिसेंबर 1995 च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधली माल्डन मिल्स ही कापडगिरणी आगीत जळाली. मालक आरॉन फॉयरस्टीन त्याच दिवशी सत्तर वर्षांचे झाले होते. विम्याचे पैसे घेऊन स्वस्थ बसण्याचा किंवा गिरणी स्वस्त मजुरीच्या देशात हलवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी गिरणी तिथेच पुन्हा उभारायचं ठरवलं, काम बंद पडलेल्यांचा पगार महिनाभर चालू राहील असं जाहीर केलं आणि पुढे ती मुदत वाढवली. ऐन नाताळच्या तोंडावर घरी बसायची पाळी आलेल्या कामगाराला तो पगार केवढा वाटला असेल! (कृतज्ञतेने कर्ज मात्र फिटत नाही. 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.)

पण मदतीबरोबर परतफेडीची अपेक्षा दिसली की चित्र पालटतं. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये लोकांपुढे काल्पनिक प्रसंग ठेवले. मदत तीच, फक्त देणाऱ्याची अपेक्षा वाढवत नेली. तसतशी कृतज्ञता कमी होत गेली आणि मिंधेपणा वाढत गेला. ‘तुमच्यासाठी एवढं केलं’ हे वार्षिक सभेत ऐकवणारे साहेब नेमकं काय गमावतात, ते इथे कळतं.

कृतज्ञतेचा दुसरा शत्रू म्हणजे सवय. नीझी आणि लिस्ट यांच्या 2006 च्या प्रयोगात ग्रंथालयात नोंदी करणाऱ्यांना तासाला 12 डॉलर ठरले होते. काहींना ऐन वेळी सांगितलं की 20 मिळतील. पहिला दीड तास ते लोक झपाट्याने कामाला लागले. त्यानंतर दोन्ही गट सारखेच.

हे प्रयोगांच्या कितीतरी आधी मुंबईच्या गिरणगावात घडून गेलं होतं, आणि तिथे डाव मोठा होता. पहिल्या महायुद्धाच्या तेजीनंतर गिरणीमालक काही वर्षं कामगारांना वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका बोनस देत होते. 1923 मध्ये नफा आटला आणि त्यांनी तो बंद केला. मालकांच्या लेखी ती खुशीची देणगी होती. कामगारांच्या लेखी ते हक्काचे पैसे. जानेवारी 1924 मध्ये गिरण्या संपात बंद पडल्या. मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांचा बोनसवर कायदेशीर किंवा रूढीने आलेला हक्क नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, माणसाच्या मनाच्या दृष्टीने साफ चूक होतं. कूबे आणि मंडळींनीच 2013 मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला: तासाला 15 युरोंची अपेक्षा असताना 10 दिले तर काम 20 टक्क्यांहून अधिक घटलं, 20 दिले तर वाढलं नाही.

पुढे 1965 च्या कायद्याने, कायद्याच्या कक्षेतल्या कामगारांना किमान बोनस हक्काचा झाला: सुरुवातीला 4 टक्के, नंतर 8.33 टक्के. त्यासाठी मालकाचे आभार कोणी मानत नाही, आणि मानायचं कारणही नाही. कामगाराची आई इस्पितळात असल्याचं कळताच ‘आधी तिकडे जा, अर्जाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या साहेबांची गोष्ट वेगळी. हे कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही, म्हणून लोक ते निवृत्तीनंतरही सांगत राहतात.